भैयाजी सरांचा संगणक आणि कुंदाबाईंचा आवाज

नवेगाव बांधात येऊन भैयाजी डोंगरवार कुठे राहतात असं विचारलं, तर माणसं थोडी विचारात पडतात. भैयाजी सर म्हटलं की लगेच हात लांब करून घर दाखवतात. वास्तविक हे सर कुठल्याही शाळेत एक दिवसही शिकवायला नव्हते. तलावाच्या पाण्यावर पिकणारं चार एकर धान, एवढाच त्यांचा व्यवसाय. पण नव्व्याण्णव साली, नागपुरात मावसभावाकडे राहून तीन महिन्यांचा कोर्स करून, त्यांनी गावात पहिला संगणक आणला. आणि तेव्हा अंगाला चिकटलेलं 'सर' आजतागायत निघालेलं नाही.

तो संगणक आणला कसा, हे ते अजूनही सांगतात. वापरलेला होता, पण चालू होता. नागपूरहून एसटीत बसले तेव्हा डबा सीटखाली आणि पडदा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "हा टीव्ही आहे का?"

"संगणक आहे."

"बोलते का?"

"बोलत नाही. विचार करते."

"मंग त्याची तिकिट काढा," कंडक्टर म्हणाला, आणि खरोखरच अर्धं तिकीट फाडलं. कोहमाऱ्याला उतरून पुढचा रस्ता त्यांनी मिरचीच्या पोत्यांनी भरलेल्या टेंपोत काढला. घरी पोचले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, आनंदाश्रू. भैयाजींनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

जातीने कोहळी. आपल्या पूर्वजांनी रानात मातीच्या बांधाची पाळ घालून तलाव बांधले, हा अभिमान कोहळी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. भैयाजी त्यात आणखी एक ओळ जोडत: "त्यायनं पानी आणलं, मी ज्ञान आणलं." हे ऐकताना कुंदाबाई, म्हणजे त्यांची बायको, नेमक्या काहीतरी आणायला आत जायच्या.

सपरीला, म्हणजे ओसरीला, लागून असलेल्या खोलीत वर्ग सुरू झाला. संगणक एक, विद्यार्थी आठ. एकाच्या हातात माऊस, बाकीचे सात बाकावर बसून बघणारे. प्रत्येकाला चार मिनिटं, मोजायला भिंतीवरचं घड्याळ. चपला बाहेर, हात धुतलेले, पडद्याला बोट लावलं तर वर्गाबाहेर. कुंदाबाईंनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचं झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं. वर्ग संपला की संगणकाला ते घालायचं, आणि घालताना मोठ्याने बोलायचं नाही. 'डबल क्लिक' हा धडा भैयाजी दोन दिवस शिकवत. मासे मारणाऱ्या एका ढिवराच्या पोराने माऊसवर इतक्या जोरात दोनदा टिचकी मारली की भैयाजी म्हणाले, "बाबू, मासोरी नाही मारायची, फाइल उघडायची आहे."

आठ वर्षं वर्ग चालला. मग अर्जुनीत आणि साकोलीत दहा-दहा संगणकांचे, थंड हवेच्या मशीनचे वर्ग निघाले. भैयाजींच्या बाकावर आठाचे पाच झाले, पाचाचे दोन. शेवटचे दोन तर सख्खे पुतणेच होते, तेही कुंदाबाईंच्या हातचे पोहे खायला येत. एक दिवस संगणकाने सुरू व्हायला नकार दिला, आणि भैयाजींनी तो कव्हरासकट माळ्यावर नेऊन ठेवला. "दुरुस्त करू फुरसतीनं," म्हणाले. फुरसत भरपूर मिळाली. दुरुस्ती झाली नाही.

पुढे जग हातातल्या फोनवर आलं. पीक नोंदणी फोनवर, दाखले फोनवर, पोरांचे निकाल फोनवर. लोक भैयाजींना रस्त्यात थांबवून म्हणत, "सर, एवढा फारम भरून द्या ना." सर फोन हातात घेत, लांब धरून बघत, आणि परत देत. "हा संगणक नाही. आपला विषय संगणक."

लोक मग चौकातल्या सेवा केंद्रावर जात, तिथली पोरगी दोन मिनिटांत फॉर्म भरून देई. भैयाजींना सर म्हणणं मात्र कुणी सोडलं नाही, आणि खरं दुखणं तिथेच होतं. कामासाठी दुसरीकडे जाणारी माणसं तोंडावर सर म्हणून जात, तेव्हा त्यांना वाटे, आपण कुठल्याशा लढाईतून लवकर परत आलेले सुभेदार आहोत.

मुलगी चंदा गोंदियात एका कॉलेजात ग्रंथपाल. तिने एकदा नवा लॅपटॉप आणून दाखवला. भैयाजींनी चष्मा पुसला, पडदा न्याहाळला आणि पहिला प्रश्न विचारला, "स्टार्टचं बटन मधात काऊन आहे?"

"आता तसंच येते बाबा."

"कोपऱ्यात काय झालं होतं त्याले?"

लॅपटॉप परत पिशवीत गेला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तेव्हा चंदा दोन दिवस माहेरी आली. पाहुणे येऊन गेलेले, रात्रीची दंडार, नाच-सोंगं बघून झालेली, दुपारी सगळे सपरीत लोळलेले. चंदाने आपला जुना लॅपटॉप उघडला. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली, सतत विजेला जोडून ठेवावा लागे.

"बाबा, इकडे या. एक गंमत दाखवते."

"मले नाही पाहायचं तुमचं मधातलं बटन."

"या तं खरं."

भैयाजी आले, उभ्या उभ्याच बघायचं असं ठरवून. पडदा काळा झाला. पांढरी अक्षरं भराभर वर सरकली. मग तो हिरवट-निळा रंग पसरला, ज्या रंगाला भैयाजी आयुष्यभर 'संगणकी' म्हणत आले होते. डाव्या हाताला चौकोनी चित्रं, एकाखाली एक. खाली राखाडी पट्टी. आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे असायला हवं तिथेच, बटन.

भैयाजींनी चपला काढल्या.

हे त्यांनी मुद्दाम केलं नाही. पायांनी आपोआप केलं. मग खाली बसले आणि माऊसवर हात ठेवला. सतरा वर्षांनी हात तिथे गेला, पण त्याला रस्ता विचारावा लागला नाही. बटन दाबलं, यादी वर उघडली, तिच्यातून दुसरी यादी उजवीकडे सरकली, तिथून तिसरी. चित्रं काढायचा कागद उघडला, बंद केला. पत्ते उघडले, एक डाव मांडला, हरले. सुरुंगांचा खेळ उघडला, तिसऱ्याच चौकोनावर उडाले. चेहऱ्यावर समाधान असं, की जावई आला तेव्हाही इतकं दिसलं नव्हतं.

"कुठी भेटला हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"भेटला नाही बाबा. इंटरनेटवर आहे. एका पोरीनं बनवला. वेबसाइटचं नाव 'पुरानी खिडकी'. ब्राउजर उघडायचा, तिचा पत्ता टाकायचा, की झाला जुना संगणक. खरा नाही, नुसता तसा दिसते."

भैयाजींनी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं. तिथे भिंत होती.

"खरा नाही कसा? चालून तं राहिला."

चंदाने समजावून सांगितलं. आत ना डिस्क, ना फायली. आहे ते सगळं नक्कल. भैयाजींनी मान हलवून सगळं ऐकलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी चंदा गोंदियाला परत निघाली, तेव्हा लॅपटॉप सपरीतल्या टेबलावर राहिला. नेटसाठी तिने घरच्या फोनवरून जोडून दिलं, कारण नेटवर्क त्या घरात सपरीतच येतं.

दोन दिवसांनी कुंदाबाई धान कापणीच्या बायांना न्याहारी देऊन शेतातून परतल्या, तर नवरा टेबलासमोर हात बांधून बसलेला. पडद्यावर छोटे छोटे रंगीत चौकोन होते, एकेक करून रंग बदलत होते.

"का पाहून रायले जी एवढा वेळ?"

"सफाई सुरू आहे."

"कोनाची?"

"डिस्कची. फायली इकडंतिकडं विखुरल्या राहतात, त्या एका जागी लावते."

कुंदाबाई जवळ येऊन बघू लागल्या. "चंदा तं म्हने, आतमंदी काईच नाही म्हून."

भैयाजींनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "मग लवकर होईल," म्हणाले.

तासभर लागला. तेवढ्या वेळात कुंदाबाईंनी खरी सपरी झाडली, आणि ती झाडताना नवऱ्याचे पाय दोनदा उचलवले.

याच दिवसांत भैयाजींच्या डोक्यात एक जुनी गोष्ट परत उगवली. वर्ग चालू असताना त्यांनी धड्यांची एक वही केली होती: 'संगणक परिचय, एकूण बावीस धडे'. वही उधईने खाल्ली होती, धडे मात्र डोक्यात शाबूत होते. ते आता नव्याने लिहायचे, आणि तेही संगणकावरच. मराठी अक्षरं उमटवायची सोय चंदाने करून दिलीच होती. रोज सकाळी आंघोळ करून बसायचे. पहिला धडा: संगणक म्हणजे काय. दुसरा: संगणकासमोर कसे बसावे. तिसरा: संगणकासमोर कसे बसू नये. प्रत्येक चार ओळींनंतर छोट्या फ्लॉपीचं चित्र दाबायचे. पडद्यावर 'जतन झाले' असं येई आणि त्यांना पाट सोडून पाणी धानाच्या बांधीत घेतल्यासारखं वाटे. संध्याकाळी नियमाने शट डाऊन. पडदा काळा होई आणि केशरी अक्षरं येत, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. भैयाजी तेवढं वाचून उठत. सकाळी एक कळ दाबली की सगळं होतं तसं परत येई, कारण लॅपटॉप स्वतः कधी बंद झालेलाच नसे. हे कारण त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, आपल्या शिस्तीचं फळ.

एकोणीस दिवसांत अकरा धडे झाले, आणि नवल म्हणजे तेवढ्या दिवसांत वीज एकदाही गेली नाही.

विसाव्या दिवशी कुंदाबाईंना चटणी वाटायची होती. स्वयंपाकघरातलं बटन दोन दिवसांपासून ठिणग्या टाकत होतं, म्हणून त्या मिक्सर घेऊन सपरीत आल्या, लॅपटॉपची पिन काढली, मिक्सरची लावली. लसूण, लाल मिरची, मीठ. घर्र करून फिरवलं, पिन परत होती तशी लावली, आणि वाटी घेऊन आत गेल्या. बॅटरी नसलेला लॅपटॉप दुसऱ्याच क्षणी विझला होता.

भैयाजी तलावाकडून आले. लॅपटॉप सुरू केला, जुना संगणक उघडला, धड्यांची जागा पाहिली. तिथे काहीच नव्हतं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कचऱ्याच्या डब्याच्या चित्रातही पाहिलं.

"कुंदे," ते म्हणाले. एरवी ते 'अवं' म्हणत. नाव घेतलं म्हणजे प्रकरण गंभीर. "येथली पिन कोनं काढली होती?"

"मीनं. चटनी वाटाची होती."

"तुवं अकरा धडे वाटले त्याच्यात!"

कुंदाबाईंनी वाटीकडे पाहिलं. "मले तं नाई दिसून रायले," म्हणाल्या.

फोन चंदाला लावला गेला. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल आईच्या बाजूने दिला. "बाबा, आईची चूक नाही. तिथलं सेव्ह खोटंच आहे. फ्लॉपीचं चित्र आहे, पण त्याच्या मागं काहीच लिहून ठेवलं जात नाही. मी सांगितलं होतं ना, नुसती नक्कल आहे म्हणून."

भैयाजींनी फोन ठेवला. बायकोवर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तेही आता राहिलं नव्हतं. एकोणीस दिवस आपण एका चित्राला टिचक्या मारत होतो, आणि ते आपल्याला 'जतन झाले' म्हणत होतं. जेवताना ते बोलले नाहीत. चटणी घेतली नाही. कुंदाबाईंनी मग हसू आवरलं. नवरा रुसला तर चालतो, पण मुकाट झाला की त्यांना करमत नसे.

"लिवा ना त्या पोरीले," दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या. "जिनं बनवला तिले. तुमाले अर्ज कराची लय हौस आहे."

हे भैयाजींना पटलं. फुलस्केप कागद काढला, समास पाडला. ती पोरगी जबलपूरची आहे असं चंदाने सांगितलं होतं, म्हणून हिंदीत लिहायला घेतलं. सुरुवात 'महोदया', मग 'विषय', मग 'संदर्भ', मग 'उपरोक्त विषय के संबंध में'. दुसऱ्या परिच्छेदात मात्र अर्ज सुटला आणि माणूस आला. त्यांनी लिहिलं, की तुमचा तलाव फार देखणा आहे, पाणी निळं आहे, काठावर बसावंसं वाटतं. पण त्याला पाळच नाही. आलेलं पाणी थांबत नाही. आम्ही तलाव बांधणारे लोक, आम्हाला हे बघवत नाही. माझे अकरा धडे त्यातून वाहून गेले. कृपया पाळ घालावी. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड, फोन नंबर.

चंदाने कागदाचा फोटो मागवला आणि पाठवून दिला.

चौथ्या दिवशी फोनवर एक आवाजी निरोप आला. कुणी निशा बोलत होती. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आवाज घाबरट, घाईघाईचा. "सर, प्लीज बुरा मत मानिए," अशी सुरुवात. मग तिने सांगितलं, की तिचा जन्म दोन हजार चारचा. असला संगणक तिने प्रत्यक्षात कधी पाहिलेलाच नाही. जुने फोटो आणि व्हिडिओ बघून, एकेक खिडकी मोजून बनवला. लोक येतात, दोन मिनिटं हसतात, जातात. कुणी त्याच्यावर खरोखर काम करेल असं तिला वाटलंच नव्हतं. जतन करायची सोय ती आठ दिवसांत करते. "और सर, आपने तो असली वाला चलाया है ना? मेरे वाले में क्या-क्या गलत है, बताइएगा?"

भैयाजींनी तो निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना आवाज वाढवला, कारण कुंदाबाई विहिरीवर होत्या.

सर सगळेच म्हणत. पण जिला संगणक येतो तिने सर म्हणून काहीतरी विचारावं, ही गोष्ट सतरा वर्षांत प्रथमच घडत होती.

त्यानंतर भैयाजींनी ज्या उत्साहाने चुका काढल्या, तो पाहता निशेने प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप केला नाही हे तिचं मोठेपण. एकूण एक्केचाळीस दोष निघाले. वाळूचं घड्याळ उलटं होत नाही, नुसतं उभं राहतं. खिडकी ओढली की ती आधी अडखळली पाहिजे. पत्त्यांचा डाव जिंकल्यावर पत्ते उड्या मारत खाली येतात, ते इथे फार शहाण्यासारखे येतात. आणि सर्वांत मोठा दोष: संगणक लगेच सुरू होतो. हे साफ खोटं आहे. बटन दाबल्यावर माणसाने चहा मांडावा, चहा उकळावा, गाळावा, आणि पहिला घोट घेताना पडदा उजळावा, इतका वेळ लागला पाहिजे.

निशेने 'असली वाली देरी' नावाचा एक खटका बसवला. तो दाबला की चार मिनिटं काहीच होत नसे. भैयाजी तो रोज दाबत आणि समाधानाने वाट बघत.

मग तिचा पुढचा प्रश्न आला. सुरू होताना आतून आवाज यायचा ना? पंख्याचा, डिस्कचा? तो नेमका कसा होता? तिच्याकडे काही जुने नमुने होते, पण ते तिला पटत नव्हते.

भैयाजी फोन तोंडासमोर धरून बसले. खाकरले. "देखिए बेटा, ऐसा… एक गंभीर आवाज़ आता था।" थांबले. "गंभीर और… निरंतर।"

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "काईच्या काई नोका सांगू जी," कुंदाबाई म्हणाल्या. पिठाचे हात घेऊन त्या दारात आल्या. "पहिले टिक वाजे. मंग थोडा दम घे. मंग घर्र, घर्र, टक-टक-टक, जशी कोंबडी कनगीवर चोच मारते. मंग पंखा, सुंऽऽऽ करून, तो काई थांबेच ना. आनि मंग तुमी खाकरत."

"मी कायले खाकरू?"

"मले का मालूम? आठ वरस खाकरले."

भैयाजींना हे मान्य झालं नाही. संगणक त्यांनी चालवला, शिकवला. आणि आवाज सांगणार भिंतीपलीकडे भाकरी थापणारी बाई? टक-टक-टक नव्हतंच, ते म्हणाले. होतंच, त्या म्हणाल्या. वाद संध्याकाळपर्यंत चालला आणि दुसऱ्या सकाळी तिथूनच पुढे सुरू झाला. शेवटी भैयाजी म्हणाले, "आता त्यालेच विचारू," आणि माळ्याला शिडी लावली.

डबा खाली आला. हिरवं कव्हर उंदरांनी झालरीपासून खायला घेतलं होतं. मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीची तीन घरं केली होती. भैयाजींनी ती काडीने काढली, धूळ फुंकली, शिंकले. आतल्या तारा हाताने चाचपून दाबल्या. पूर्वी न सुरू झालेला संगणक आता सुरू होईल असं मानायला काहीही आधार नव्हता. तरी दोघंही त्याच्याकडे अशी बघत होती, जणू साक्षीदार शपथ घेऊन उभा आहे.

"दाबू का?"

"दाबा ना एकदाचा."

बटन दाबलं. टिक.

मग क्षणभर काही नाही. मग आतून, सतरा वर्षांच्या झोपेतून, घर्र, घर्र. आणि अगदी स्पष्ट, टक-टक-टक. पंख्याने सुंऽ धरला. भैयाजींनी नकळत घसा साफ केला. बरोबर त्याच वेळी डब्यातून जळक्या रबराचा वास आला, पंखा मंदावला, आणि सगळं शांत झालं. कुंदाबाईंनी पिन ओढून काढली. पुन्हा लावून पाहिलं तर टिकसुद्धा वाजलं नाही.

मग कुंदाबाई म्हणाल्या, "खाकरले."

भैयाजींनी मान हलवली, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की आवाज टिपायला म्हणून फोन समोर मांडून ठेवला होता, पण टिपायची कळ दाबायचीच राहिली होती. साक्षीदार आला, साक्ष दिली, गेला. आणि कारकुनाने लिहूनच घेतलं नाही.

"आता?" ते म्हणाले.

निशेला सगळं कळवलं. ती आधी पोट धरून हसली, मग तिने विचारलं, आँटी तो आवाज स्वतः तोंडाने काढून पाठवतील का? कुंदाबाई म्हणाल्या, मी का नकला करनारी बाई आहो? मग पदर नीट केला, पाणी प्यायल्या, आणि सपरीत बसून एका दमात सगळं म्हणून दाखवलं: टिक, दम, घर्र, टक-टक-टक, सुंऽऽऽ. सुंऽऽऽ इतका लांबला की अंगणातला कुत्रा उठून बसला. भैयाजी या वेळी कळ दाबायला विसरले नाहीत. दोष काढायला मात्र त्यांना एकही जागा सापडली नाही, आणि ते त्यांनी, थोड्या वेळाने का होईना, कबूल केलं.

निशेने त्या आवाजावर काय संस्कार केले कोण जाणे. पण पंधरा दिवसांनी 'असली वाली देरी'चा खटका दाबला तर लॅपटॉपमधून डबा जागा झाल्यासारखा आवाज आला. नीट कान दिला तर सुंऽऽऽमध्ये कुंदाबाईंचा श्वास ऐकू येतो. कोपऱ्यात माहितीची एक छोटी खिडकी आहे. तिच्यात आता निशेच्या नावाखाली दोन ओळी आहेत: 'आवाज: कुंदाबाई डोंगरवार. तपासणी: भैयाजी डोंगरवार. नवेगाव बांध, जिल्हा गोंदिया.' आपलं नाव दुसरं का, हे भैयाजींनी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं, हे कुंदाबाईंना कळलं.

जतनाची सोयही झाली. पहिल्याच दिवशी भैयाजींनी एक ओळ लिहिली, फ्लॉपीचं चित्र दाबलं, आणि स्वतः उठून पिन काढली. परत लावली. ओळ होती. मग त्यांनी बावीस धडे पुन्हा लिहिले; त्यांत एक नवा घातला, 'जतन झाले असे म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा'. चंदाने त्याच्या प्रती काढून शिवून आणल्या. एक प्रत चौकातल्या सेवा केंद्रावरच्या पोरीने मागून नेली. ती वाचते की नाही ठाऊक नाही, पण आता कधीकधी भैयाजी तिथे खुर्ची टाकून बसतात आणि ती फोनवर फॉर्म कसा भरते ते बघतात. प्रश्नही विचारतात. पहिला प्रश्न विचारायला त्यांना आठ दिवस लागले.

'पुरानी खिडकी'वर लोकांना दोन शब्द लिहायला जागा आहे. उन्हाळा सरता सरता तिथे एका माणसाने इंग्रजीत लिहिलं. चंदाने अर्थ सांगितला: त्याच्या वडिलांच्या दुकानात असाच संगणक होता, वडील आता नाहीत, आणि डिस्कचा हा आवाज ऐकून तो बराच वेळ उठला नाही. हा आवाज कोणत्या डिस्कचा आहे, असं त्याने विचारलं होतं. निशेने ते भैयाजींकडे पाठवलं, उत्तर तुम्हीच द्या म्हणून.

भैयाजींनी दोन दिवस घेतले. पहिल्या मसुद्यात त्यांनी नव्व्याण्णव सालापासून सुरुवात केली, कंडक्टर आला, मिरचीची पोती आली, वर्ग आला. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात डिस्कविषयी अवघड शब्द घालून अशी काही माहिती लिहिली, की वाचणाऱ्याने पुढे काही विचारू नये. तोही फाडला. मग धान रोवायच्या तयारीला निघालेल्या कुंदाबाईंना हाक मारून विचारलं, "का लिहू?"

"जे आहे ते लिवा," त्या म्हणाल्या आणि डोक्याला पदराचा शेव बांधून बांधीकडे गेल्या.

तेव्हा भैयाजींनी चपला काढल्या, टेबलाशी बसले, आणि लिहिलं, की हा आवाज डिस्कचा नाही, माझ्या पत्नीचा आहे. डिस्क जळाली, पण तिला तो पाठ होता. आपल्या वडिलांच्या संगणकाचा आवाज याहून वेगळा असल्यास कृपया कळवावे, ती सुधारणा करून देईल.